प्रॉम्प्टरचा आवाज ठेवणे

मुळगाव, डिचोली
४ ऑगस्ट २०२५

चि. समीक्षा,

आशीर्वाद आहेतच, ते दर वेळी लिहीत बसत नाही.

हे पत्र परेश आणून देईल. आमच्या शेजारचा, नाटकात प्रधान होतो तो. तो मोपाच्या विमानतळावर टॅक्सी चालवतो, रोज तुमच्या पेडण्यावरून जातो. उत्तर त्याच्याकडेच दे. फोन करू नकोस. आमच्या घरात रेंज नाही, आणि व्हॉट्सअ‍ॅप परेशच्या फोनवर येतं म्हणजे साऱ्या वाड्यावर येतं.

परवा तुझ्या मावशीचं वर्षश्राद्ध झालं. तुझी आई आली होती, तू नव्हतीस.

आता काम. माझं 'वीरकेतू' नाटक आमच्या मंडळानं तीन जत्रांना केलं. २०१९, २०२२ आणि २०२३. तिन्ही वेळा व्हिडिओ झाला आणि तिन्ही वेळा वेगळ्या माणसानं केला. पहिला तुषारनं, बांद्याचा तो, इथे खाणीवर टिप्पर चालवायचा. दुसरा आमोण्याच्या गौरेशनं. तिसरा तू. मंडळाचं म्हणणं असं की तिन्हींतलं चांगलं घेऊन एकच सलग व्हिडिओ करावा आणि येत्या जत्रेला नाटकाच्या जागी देवळासमोरच्या माटवात पडदा लावून दाखवावा. नाटक यंदाही होणार नाही. माझे गुडघे चालत नाहीत, आणि दुसरा राजा त्यांना मिळत नाही.

हे झालं मंडळाचं. माझं वेगळं आहे. तिन्ही वर्षी विंगेत पुस्तक घेऊन सरस्वती बसली होती. नटाला वाक्य आठवलं नाही की सांगायची. तिचा आवाज व्हिडिओत येता कामा नये म्हणून मी तुम्हा तिघांच्याही मानगुटीवर बसलो होतो. प्रेक्षकाला प्रॉम्प्टर ऐकू आला तर ते नाटक नव्हे, शाळेचं गॅदरिंग, असं मी तुषारला सुनावलं होतं. तुम्ही तिघांनी तो पुसून दिला. आता घरात तिचे फोटो ढीगभर आहेत, लग्नांतले, बारशांतले. आवाज मात्र कुठेच नाही. फोनवरसुद्धा ती दोन शब्द बोलून ठेवायची.

मला तिचा आवाज परत पाहिजे. त्या व्हिडिओत ती जिथे जिथे बोलली तिथे तिथे. होतं की नाही तेवढं सांग. होत नसेल तर मंडळाला दुसरा कोणी गाठू दे, मला त्यात रस नाही.

बाबाजीकाका


पेडणे
९ ऑगस्ट २०२५

ती. काकांना नमस्कार.

वर्षश्राद्धाला आले नाही कारण त्या दिवशी मोरजीच्या एका हॉटेलात दिल्लीवाल्यांचं लग्न होतं. कॅमेरा टाकून येता येत नव्हतं. आईनं मला त्यावरून ऐकवायचं ते ऐकवलं आहे.

तुमचं काम होईल किंवा होणार नाही, दोन्ही सांगते. नीट समजून घ्या, नाहीतर नंतर मला शिव्या घालाल. तुमच्याकडे जे तीन पेनड्राइव्ह आहेत ते तयार व्हिडिओ. त्यांतून पुसलेला आवाज परत येत नाही. पण व्हिडिओ करताना कॉम्प्युटरवर त्याचा एक प्रोजेक्ट असतो. प्रोजेक्ट म्हणजे नुसती टिपणं. कुठला तुकडा कुठून कुठवर घेतला, कुठे उजेड वाढवला, कुठला आवाज दाबला. मूळ शूटिंग बाजूला जसंच्या तसं असतं. मावशीचा आवाज आम्ही पुसला असं म्हणतो, पण प्रोजेक्टमध्ये तो नुसता झाकलेला असतो. झाकण काढलं की तिथेच आहे. फक्त मूळ शूटिंग कोणी उडवलेलं नसावं.

म्हणून मला तीन व्हिडिओ नकोत, तीन प्रोजेक्ट पाहिजेत, त्यांच्या मूळ फायलींसकट. ते एकाच प्रोजेक्टात आणून मग एक व्हिडिओ काढीन. २०२३चा माझ्याकडे पुरा आहे. गौरेशशी बोलले, तो म्हणाला शोधतो. या धंद्यात शोधतो म्हणजे काय ते मला ठाऊक आहे, तेव्हा तुम्ही स्वतः आमोण्याला जाऊन त्याच्या दारात बसा. तुषारचा पत्ता माझ्याकडे नाही.

एक सांगून टाकते. २०२३ला तुम्ही परेशला चार वेळा माझ्याकडे पाठवलंत, प्रॉम्प्टरचा आवाज निघाला का म्हणून. शेवटी मावशीनंच मला फोन केला. म्हणाली, काढून टाक बाय, त्यांचं समाधान होऊ दे. मी काढला. माझ्या अंगावर तेव्हा अकरा लग्नं होती, मला काही वाटलं नाही. आता वाटतं.

समीक्षा


मुळगाव
६ सप्टेंबर २०२५

चि. समीक्षा,

सोबत दोन डिस्क पाठवतो आहे. तांबड्या फडक्यातली गौरेशची, साडीच्या पेटीतली तुषारची.

चवथीचे दिवस होते म्हणून उशीर झाला. सुतक सरलं तरी घरात करणारं माणूस नाही. गणपतीच्या वरची फळांची माटोळी परेशनं बांधली, मी नुसता खालून चुका काढत होतो.

गौरेशकडे दोनदा गेलो. हा मुलगा दसऱ्याला कॅमेऱ्याबरोबर सगळ्या डिस्कांचीही पूजा करतो. माझ्यादेखत त्यानं तारेचं टोक आत घालून बघितलं, जाईना. आत हळदकुंकू गच्च बसलं होतं, वर पाणीही शिंपडलेलं. त्याची आई गंगा म्हणते, पोटापाण्याची लक्ष्मी ती, तिला कुंकू लावायचं नाही तर कोणाला लावायचं. मी मान हलवून डिस्क फडक्यात बांधली. बाईच्या घरी चहा प्यायला होता.

तुषार बांद्यालाच सापडला. खाणीवरचं काम सुटल्यावर गेला तो परत आलाच नाही, आता मोबाइल दुरुस्त करतो. मला बघून घाबरला. मग कपाटातून, बायकोच्या साड्यांमधून, डिस्क काढून दिली. म्हणाला, काका, त्या वर्षी तुम्ही मला एवढं बोललात की मी म्हटलं हा माणूस पुन्हा काहीतरी खोट काढून येणार. म्हणून मी एक अक्षर पुसलं नाही, सगळं ठेवलं. म्हणजे माझ्या तोंडाचा एवढा तरी उपयोग झाला.

आता माझी अट. ती कुठे काय बोलते ते मिनिट-सेकंदासह कागदावर लिहून पाठव. कोणाला सांगितलं तेही लिही. मला पुस्तकाशी ताडून बघायचं आहे.

परेश म्हणतो तुझा चेहरा उतरला आहे. वेळेवर जेव.

बाबाजीकाका


पेडणे
२२ सप्टेंबर २०२५

ती. काकांना नमस्कार.

गौरेशच्या डिस्कमधलं कुंकू जुन्या टूथब्रशनं आणि स्पिरिटनं काढलं. दोन दिवस गेले. चालू झाली, पण २०२२चा पहिला अंक उघडत नाही, तो गेला असं समजा. दुसरा आणि तिसरा आहेत. तुषारचं सगळं धडधाकट निघालं.

मग तिन्ही प्रोजेक्ट एकात आणले आणि वेगळाच घोळ झाला. आम्ही तिघांनीही फायलींना तीच नावं दिली होती, 'अंक १ फायनल', 'अंक २ फायनल'. कॉम्प्युटरला तिन्ही वर्षांच्या फायली एकच वाटल्या. त्यानं २०१९च्या राजाला २०२३चा आवाज लावला. दाढी काळीभोर, अंगात जोर, आणि बोलणं दमलेल्या माणसाचं. मी आधी हसले आणि मग पुन्हा पहिल्यापासून बसले. प्रत्येक फायलीला वर्ष लावलं, एकेक तुकडा त्याच्या जागी जोडला. आठवडा त्यातच गेला.

परवा झाकण काढलं. म्हणजे आवाज दाबायचा जो फिल्टर आम्ही लावला होता तो बंद केला. पहिलंच वाक्य आलं, "महाराज, सीमेवरून दूत आला आहे." परेशचं वाक्य, त्याला आठवत नव्हतं. मावशीनं ते भाजी निवडता निवडता सांगितल्यासारखं सांगितलं. मी उठून आत गेले, चहा केला, तो गार होईपर्यंत तशीच बसले. मग कामाला लागले.

तुम्ही मागितलेला कागद सोबत आहे. मिनिट, सेकंद, वाक्य, कोणाला. सगुणला सगळ्यांत जास्त वेळा सांगावं लागलं आहे. सेनापतीला एवढं विसरता येतं हे मला माहीत नव्हतं. त्याखालोखाल परेश, मग विनोदिनी, तीसुद्धा राणीच्या लांब भाषणातच.

समीक्षा


मुळगाव
२६ सप्टेंबर २०२५

चि. समीक्षा,

कागद पोचला. अक्षर सुंदर, मजकूर खोटा.

सगुणच्या नावापुढे चाळीस, ठीक. त्याला स्वतःच्या मुलांची नावं आठवत नाहीत. परेशचे बावीस, तेही ठीक. राजाच्या नावापुढे एकही नाही. वीरकेतूनं जन्मात प्रॉम्प्टिंग घेतलं नाही हे मी सगळ्या डिचोलीत सांगत आलो, आणि तू तेच मला लिहून पाठवतेस. मी स्वतः लिहिलेलं नाटक असलं तरी दरबाराच्या प्रवेशात मी २०१९लाच एकदा अडलो होतो. मला चांगलं आठवतं. ते तुझ्या कागदात नाही. म्हणजे बाकीचंही तू गाळलं आहेस.

मी सत्तरीचा आहे, कापसात गुंडाळून ठेवायला काचेचं भांडं नव्हे. पुरा कागद पाठव. तिचं एकही वाक्य मला गाळून नको. कोणाला सांगितलं म्हणून ते माझ्यापासून लपवायचं, हे तू ठरवायचं नाहीस.

बाबाजीकाका


पेडणे
१९ ऑक्टोबर २०२५

ती. काकांना नमस्कार.

चुकलं माझं. पुरा कागद सोबत आहे.

राजाला सांगितलेली वाक्यं अशी. २०१९ला तिन्ही अंकांत मिळून सहा. २०२२ला दोन अंकांतच एकतीस, पहिला अंक हाती नाही. २०२३ला एकूण अठ्ठ्याऐंशी, त्यांतली एकोणतीस तिसऱ्या अंकातली. मी गाळली कारण मला वाटलं तुम्हाला वाईट वाटेल. मंडळातल्या कोणी बघितलं तर तेही नको होतं.

डिस्कवर सलग केलेला व्हिडिओ पाठवते. पहिला अंक २०१९चा, दुसरा २०२२चा, आणि तिसरा २०२३चा. २०२३चा दुसरा अंकही शेवटी वेगळा जोडला आहे, कारण मावशी त्यात सगळ्यांत जास्त बोलली आहे. तीन ठिकाणचे प्रोजेक्ट एकत्र केले की ते तीन ठिकाणचे वाटू नयेत हीच आमची कारागिरी. म्हणून उजेड एकसारखा केला, रंग एकसारखे केले, आवाजही सगळे एका पातळीला आणले. मावशीचा आवाज काही वर्षी फार बारीक होता तो वर घेतला, काही वर्षी फार मोठा होता तो खाली आणला. आता तिन्ही वर्षं ती एकाच सुरात बोलते. दोन अंकांच्या मधलं काही घेतलेलं नाही. तिथे लॉटरीचे नंबर पुकारतात, बाकी काही नसतं.

एक बारीकशी चूक सापडली तीही सुधारली. २०२३ला पहिल्या दोन अंकांत मावशीचा आवाज उजव्या स्पीकरमधून येतो आणि तिसऱ्या अंकात डाव्या. मध्यंतरात कोणीतरी माइकची तार उलटी जोडली असणार. मी तो परत उजवीकडे आणला.

आज रात्री नरकासुराच्या पुतळ्यांच्या स्पर्धेचं शूटिंग आहे, तेव्हा इथेच थांबते. दिवाळीला आई फराळ पाठवेल.

समीक्षा


मुळगाव
२५ ऑक्टोबर २०२५

चि. समीक्षा,

व्हिडिओ बघितला. परेशच्या लॅपटॉपवर, कानाला हेडफोन लावून, आवाज पुरा वर नेऊन. काम स्वच्छ आहे. पण बरोबर नाही.

तिन्ही वर्षं ती मला सारखीच ऐकू आली. हे कसं होईल? २०१९ला ती पुटपुटायची, माझ्या शेजारच्या सगुणलाही कळायचं नाही. २०२३ला ती ओरडत होती. तू ते सगळं रंधा मारल्यासारखं सपाट करून टाकलंस.

आता हे पत्र तू कोणाला दाखवू नकोस, आईलासुद्धा नाही. मला ऐकू येत नाही. आमच्या घरात रेंज चांगली आहे. गुडघेही चांगले आहेत. करोनाच्या आधीपासून कान जायला लागले, डावा आधी गेला, आणि मी ते कोणाला सांगितलं नाही. नटाला ऐकू येत नाही म्हटल्यावर त्याला कोण उभा करणार. सरस्वतीलाही सांगितलं नाही. ती दर वर्षी थोडी मोठ्यानं बोलायला लागली, आणि मी लोकांत सांगायला लागलो की वय झालं तशी बायकोचा आवाज चढला.

२०२३ला दुसऱ्या अंकानंतर पडदा पडला. मी विंगेत गेलो आणि सगळ्यांसमोर तिला बोललो. काय बोललो ते मला पाठ आहे. "सगळ्या माटवाक ऐकू येता तुझा आवाज. तोंड बंद कर, नाय तर पुस्तक हंयसर ठेव आणि घरा जा." ती काहीतरी म्हणाली. ओठ हलले तेवढे बघितले. बाहेर लॉटरीचा कर्णा चालू होता, मला एक शब्द कळला नाही. मी पाठ फिरवून मुकुट सारखा करायला गेलो.

तिसऱ्या अंकात तिची जागा रिकामी होती. ती घरी गेली. तो अंक मी तिच्याशिवाय केला आणि एकही वाक्य अडलं नाही. कधीमधी मागून कोणीतरी सांगितल्यासारखं वाटलं, मी समजलो विनोदिनी असेल, राणी माझ्या मागेच उभी असते. घरी येऊन मी सरस्वतीला ते ऐकवलंसुद्धा, बघ, तुझ्यावाचून झालं. तिनं मला पेज वाढली. त्यानंतर ती आठ महिने होती. ती तेव्हा काय म्हणाली ते मी एकदाही विचारलं नाही, कारण विचारायचं तर आधी ऐकू आलं नाही हे कबूल करावं लागलं असतं.

म्हणून तुझ्या कागदात चूक आहे. तिसऱ्या अंकात एकोणतीस वाक्यं तिची असूच शकत नाहीत. ती तिथे नव्हती. ती विनोदिनीची असतील, नीट ऐकून बघ.

आणि दोन कामं कर. तिचा आवाज ज्या वर्षी जेवढा होता तेवढा ठेव. आणि मध्यंतराचं शूटिंग तुझ्याकडे असेल तर उघडून बघ. रंगमंचावरचे माइक चालू असले तर ती काय म्हणाली ते त्यात असेल. मला तेवढं कळलं पाहिजे. शिवी असली तरी तशीच लिही.

काका


पेडणे
१ नोव्हेंबर २०२५

काका,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि कपाटात ठेवलं. कोणाला दाखवलेलं नाही.

मध्यंतर माझ्याकडे आहे. २०२३ला मी पडदा पडला तिथे कापलं होतं आणि पडदा उघडला तिथून जोडलं होतं, मधलं ऐकलंच नव्हतं. बाहेरचे कर्णे लॉटरीला दिलेले होते, पण रंगमंचावरचे माइक माझ्या रेकॉर्डिंगला चालूच राहिले. पडदा पडल्यानंतर पाचव्या मिनिटाला तुम्ही येता. तुमचं बोलणं तुम्ही लिहिलंत तसंच आहे, शब्दाचाही फरक नाही. मग मावशी बोलते, तिच्या रोजच्या आवाजात. मी ते सात-आठ वेळा ऐकून लिहिते आहे.

"बरां. तिसऱ्या अंकाक मी पलीकडच्या विंगेत बसतंय. तुमचो उजवो कान बरो आसा. मगे मोठ्यान बोलूचा लागाचा नाय."

एवढंच आहे. त्यानंतर बांगड्या वाजतात आणि पुस्तक उचलल्याचा आवाज येतो.

तेव्हा कागदात चूक नाही. तिसऱ्या अंकातली एकोणतीसही वाक्यं मावशीचीच आहेत, विनोदिनीचं त्यात एकही नाही. चूक मी केली होती. माइकची तार कोणी उलटी जोडलेली नव्हती. बघणाऱ्याची डावी बाजू ती रंगमंचावर उभ्या राजाची उजवी. आवाज बाजू बदलतो कारण मावशीनं बाजू बदलली होती. मी ते दुरुस्त करून तिला परत जुन्या विंगेत नेऊन बसवलं. आता पुन्हा होतं तसं केलं आहे. त्या अंकात तिचा आवाज २०१९सारखाच बारीक आहे, आणि तुम्ही एकदाही अडलेले नाही.

तिला तुमच्या कानांचं माहीत होतं, काका. कधीपासून ते मला सांगता येत नाही. पण तिन्ही प्रोजेक्ट खाली-वर लावले की पडद्यावर आवाजाची रेघ दिसते. २०१९ची बारीक, २०२२ची जाड, २०२३ची त्याहून जाड. मी ती बघितली होती आणि बिघाड समजून सपाट केली. या धंद्यात बारा वर्षं काढून माझ्या डोक्यात आलं नाही. हे पत्र लिहिताना मी रडले, तेही सांगून ठेवते.

नवीन व्हिडिओ सोबत आहे, काही सारखं न करता. शेवटी २०२३चा दुसरा अंक, आणि त्याला लागून तिसरा. मध्यंतराचा तुकडा वेगळ्या फायलीत ठेवला आहे, व्हिडिओत घातलेला नाही. तो फक्त तुमचा आहे. मावशीचं बोलणं तुम्हाला ऐकू आलं नाही तर सांगा, तेवढं मोठं करून देते.

समीक्षा


मुळगाव
७ डिसेंबर २०२५

चि. समीक्षा,

तू जत्रेला आली नाहीस. परेशनं मला सांगितलं की निरोप पाठवून तो तुकडा व्हिडिओत घालायला लावल्यामुळे तू माझ्यावर रागावली आहेस. रागाव. पण तो माटवात लागायलाच हवा होता. मी तिला बोललो ते दहा जणांनी ऐकलं, आणि ती तिसऱ्या अंकाला घरी गेली हे मी गावभर सांगितलं. दोन वर्षं सांगितलं. मंडळातल्या कोणी मला खोटं पाडलं नाही, कारण माझ्या तोंडाला सगळे भितात. विनोदिनीला आता विचारलं. ती म्हणाली, वहिनीनं शपथ घातली होती.

तू मोठं करून देते म्हणालीस, ते नको. ती तशीच बोलली तर तसंच राहू दे. मी घरी हेडफोन लावून तो तुकडा ऐकला. माझा आवाज आला, मग काही नाही, मग लॉटरी. तुझं पत्र समोर ठेवून पुन्हा लावला तरी नाही. म्हापशाच्या डॉक्टरांनी यंत्र दिलं आहे, त्यानं भांडी आपटलेली ऐकू येतात.

माटव भरला होता. मला पुढे मधोमध बसायला कदेल दिलं, हार घातला. पडद्यावर व्हिडिओ सुरू झाला आणि मला नुसता गलका यायला लागला. दहा मिनिटं बसलो. मग उठलो, कदेल उचललं, पडद्याकडे पाठ केली आणि लोकांकडे तोंड करून बसलो. समितीचा माणूस धावत आला, त्याला हातानं बाजूला केलं.

तिथून सगळं समजलं. २०१९ला कोणाच्या तोंडावर काही नव्हतं, लोक नाटक बघत होते. २०२२ला मागची मुलं एकमेकांना ढोसून हसायला लागली. २०२३च्या दुसऱ्या अंकाला बायकाही हसत होत्या, सगुण तर मांडीवर थाप मारत होता. मग पडदा पडला असावा, कारण सगळे सैल झाले. आणि मग एकदम कोणी हसेना. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. म्हणजे मी बोलायला लागलो होतो. ते मी पुरं बघितलं, मान खाली घातली नाही.

मग त्यांनी माझ्यावरचे डोळे काढले आणि पुन्हा पडद्याकडे बघितलं. पुढच्या बायका वाकल्या. एकीनं मांडीवरच्या पोराच्या तोंडावर हात ठेवला. परेशनं डोक्यावरची टोपी काढली. आमचा माटव जत्रेत एवढा गप्प मी चाळीस वर्षांत बघितला नाही. तेव्हा ती बोलत होती.

तुझा काका,
बाबाजी